गावदप्तर खुले कसे झाले

महाराष्ट्रात सरकारी कारभाराच्या पारदर्शकतेची चर्चा निघाली की ती बहुधा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापासून सुरू होते आणि फार तर त्याआधीच्या आंदोलनांपर्यंत मागे जाते. शेती करणाऱ्या माणसाचा ज्या सरकारी कागदाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला, तो कागद मात्र गावातच, कुळकर्ण्याच्या घरी, कापडात बांधून ठेवलेला होता. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर सारा किती, बाकी किती, बोजा कोणाचा, या सगळ्याचा लेखी पुरावा असलेले हे गावदप्तर तुकड्यातुकड्याने, आणि बऱ्याचदा सरकारच्याच सोयीपोटी, रयतेला खुले होत गेले. त्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्यातून रयतेच्या पदरात काय पडले हे तपासले तर असे दिसते की कागद पाहायला मिळतो की नाही याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो केव्हा पाहायला मिळतो याला महत्त्व होते. नोंद पक्की होण्याआधी दिसली तर हरकत घेता येते. पक्की झाल्यावर दिसली तर बहुतेक वेळा काय घडून गेले एवढेच कळते.

पेशवाईत गावचा कारभार पाटील आणि कुळकर्णी या दोन वतनदारांकडे असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हुद्दा आणि त्याबद्दल मिळणारी जमीन, रोख व मानपान. पाटील गावचा प्रमुख आणि वसुलीला जबाबदार, तर कुळकर्णी लेखनिक. कोणत्या शेतात कोणी लागवड केली, कोणाकडून किती वसूल आला, गावखर्च किती झाला याचे कागद कुळकर्णी मोडी लिपीत लिहीत असे आणि रुमालात, म्हणजे चौकोनी कापडात, बांधून आपल्या घरी ठेवत असे. परगण्याच्या पातळीवर देशमुख आणि देशपांडे अशी तशीच जोडी होती, त्यांच्यावर सरकारने नेमलेला कमाविसदार होता, आणि हिशेबाची ही साखळी पुण्याच्या हुजूर दप्तरापर्यंत पोहोचत असे. गावचा हिशेब परगण्याच्या हिशेबाशी ताडून पाहण्याची सोय तिच्यात होती, म्हणजे लबाडी पकडण्याची यंत्रणा नव्हती असे नाही. पण सरकारची फसवणूक होऊ नये एवढाच तिचा हेतू होता. आपल्या खात्यावर काय लिहिले आहे हे कुणब्याला कळायचे ते कुळकर्णी सांगेल तेवढेच.

याला एक अपवाद होता आणि तो लहान नाही. वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तीत पाटील, कुळकर्णी, शेजारच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदार असत, साक्षी सर्वांसमक्ष होत आणि निवाडा महजरात लिहिला जाई. महजर म्हणजे अशा सभेच्या निर्णयाचा साक्षांसह केलेला लेख. ज्यांना लिहिता येत नसे ते आपली निशाणी काढीत: पाटलाचा नांगर, कारागिराचे आपले हत्यार. तंटा उघड्यावर मिटायचा आणि रोजचा हिशेब मात्र घरात राहायचा, अशी ही व्यवस्था होती. गावगाड्याच्या लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांनी यातला पहिला भाग तेवढा उचलला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. नव्या सरकारला आधी हे कळायला हवे होते की जमीन किती आणि कोणत्या प्रतीची. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस जी पाहणी केली ती निव्वळ उत्पन्नाच्या इतक्या गुंतागुंतीच्या गणितावर उभी होती की ते गणित हाताखालच्या कारकुनांशिवाय कोणालाच उलगडत नसे, आणि जे फक्त कारकुनाला उलगडते त्याला कारकून भाव लावतो हे ओघानेच आले. दर जड पडले, प्रतवारीत लाचलुचपत झाली, जमिनी ओस पडल्या. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तेच काम सोप्या रीतीने पुन्हा केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालानंतर ही पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीवर दगड आले, आणि मोजणीची ३३ फुटांची साखळी गावोगाव फिरली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकडा तो एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे माप आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे. या पद्धतीचे दोष पुष्कळ सांगता येतील. तरीही तिने एक गोष्ट दिली जी आधी नव्हती: आपल्या नंबरावर साऱ्याचा आकार किती हे रयतेला आधी ठाऊक झाले, आणि तो ३० वर्षे बदलणार नाही हेही ठाऊक झाले. दगड जमिनीत पुरलेला असल्याने तो निरक्षरालाही वाचता येत होता.

जुने दप्तर मात्र बंदच राहिले, आणि बंद राहूनही ते कामाला लागले. सारामाफीच्या जमिनींचे, म्हणजे इनामांचे, हक्क तपासण्यासाठी इनाम कमिशन नेमले गेले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. इनामदाराने आपली सनद हजर करायची, आणि तिची पडताळणी ज्या कागदांवरून व्हायची ते कमिशनच्या कबजात. एका बाजूला सगळे दप्तर आणि दुसऱ्या बाजूला घरात जपलेला एखादा जीर्ण कागद, असा हा सामना होता. तो किती बरोबरीचा हे सांगायला नको. पुढे इतिहाससंशोधकांनाही या दप्तराचे दार सहज उघडले नाही. गणेश चिमणाजी वाड यांना त्यातून निवडक उतारे काढू दिले गेले, पण मोठ्या प्रमाणावर निवड छापली गेली ती १९३० नंतर, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत.

सरकारी दप्तराच्या बाहेरचा एक प्रसंग इथे नोंदवणे भाग आहे, कारण त्याने कायद्याचे वळण बदलले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसांवर हल्ले तुलनेने कमी झाले. जमावाचा रोख खतांवर आणि वह्यांवर होता, त्या मागून घ्यायच्या आणि जाळायच्या. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे कधीच कळले नाही, अशी माणसे दुसरे काय करणार होती? चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, फेडीची पावती मिळावी, सावकाराने मागणीनुसार हिशेबाचा उतारा द्यावा, असे त्याने ठरवले. आपल्यावरचा हिशेब पाहण्याचा हक्क माणसाला आहे, हे तत्त्व सावकाराच्या बाबतीत मान्य झाले, आणि मग तेच सरकारला का लागू नाही हा प्रश्न टाळणे अवघड झाले. त्याच १८७९ च्या जमीन महसूल संहितेत नकाशे आणि जमिनीच्या नोंदी फी भरून पाहण्याची तरतूद होती. कायद्यातली तरतूद आणि कचेरीतला अनुभव यांतले अंतर किती होते, हे महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाहायला मिळते, कारकुनापुढे ताटकळणारा आणि नाडला जाणारा शेतकरी हा त्या ग्रंथाचा एक मुख्य विषय आहे.

सर्व्हेच्या कागदात सारा कोण भरतो याची नोंद होती. हक्क कोणाचा आहे याची नव्हती. खातेदार मेला, जमीन गहाण पडली, भाऊ वेगळे झाले, तरी कागदावर जुनेच नाव राही. ही उणीव भरण्यासाठी मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो सुधारून महसूल संहितेतच घालण्यात आला. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. यांतल्या सात आणि बारा यांचा एकत्र उतारा तो सातबारा. स्वातंत्र्यानंतर १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली तेव्हाही हा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला गेला.

यातील फेरफाराची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. जमिनीत हक्क मिळालेल्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे. तलाठ्याने ते फेरफार नोंदवहीत लिहायचे आणि त्याच वेळी त्या नोंदीची संपूर्ण नक्कल चावडीत ठळक जागी लावायची. शिवाय ज्यांचा त्या जमिनीशी संबंध अभिलेखावरून दिसतो त्या सगळ्यांना लेखी नोटीस द्यायची. हरकत आली तर ती तक्रारींच्या नोंदवहीत जाते आणि चौकशी होते. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत उलटल्यावरच मंडळ अधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि प्रमाणित झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. या शेवटच्या कलमाचे वजन मोठे आहे. प्रमाणित होण्याआधी साध्या कागदावरची चार ओळींची हरकत पुरते. नंतर त्याच गोष्टीसाठी प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करावे लागते, त्याला ६० दिवसांची मुदत असते, वकील लागतो, तालुक्याला खेटे घालावे लागतात, आणि प्रकरण हक्काचे असेल तर दिवाणी न्यायालयात पिढी जाते. चावडीवर डकवलेला तो कागद म्हणजे गरिबाच्या वाट्याला आलेला सर्वांत स्वस्त न्याय होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

पण तो कागद सगळ्यांना सारखा दिसत नव्हता. खातेदार वारला आणि मागे दोन मुलगे गावात, एक भाऊ मुंबईत गिरणीत आणि एक मुलगी परगावी नांदते आहे, असे साधे उदाहरण घ्यावे. नोटीस जाते ती अभिलेखावर ज्यांचे नाव आधीच आहे त्यांना. मुलीचे नाव तिथे नसतेच, आणि माहेरच्या चावडीवर काय लागले आहे हे सासरी कळण्याचा मार्ग नसतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला वारसा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणीची सही हक्कसोडपत्रासाठीच आठवावी, ही रीत अजून मोडलेली नाही. १९८९ मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ हा कार्यक्रम घेऊन बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावायला सांगितले, त्यामागे हीच जाणीव होती: ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्यापर्यंत नोटीसही पोहोचत नाही.

चावडीचीही जात होती. सरकारी हुकमाची दवंडी गावभर देण्याचे काम महार वतनदाराकडे असे, आणि ज्या चावडीतला मजकूर तो ओरडून सांगत असे तिच्या पायऱ्या चढण्याची त्याला मुभा नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या वतनाच्या जाचाविरुद्ध होते. ते वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडले. कुळकर्णी वतन त्याआधी गेले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ते रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुळकर्णी वतने संपुष्टात आली. घरातले दप्तर सरकारी झाले, हा या साऱ्या कहाणीतला बहुधा सर्वांत मोठा बदल असावा, कारण वतनदाराला कोणी बदलू शकत नव्हते आणि तलाठ्याची निदान बदली होते.

मोडीचा अडसर मात्र दप्तराबरोबर सरकारी कचेऱ्यांत आला. तो किती टिकाऊ आहे हे २०२३ मध्ये पुन्हा दिसले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कार्यालयांतील जुने गाव नमुने, जन्ममृत्यूची कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे बाहेर निघाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद खुले होते. ते वाचू शकणारे मोजके होते.

दप्तरातील एका ओळीने माणसाचे किती बदलते, याचा सर्वांत मोठा दाखला कुळकायद्याचा आहे. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याला पुढे जी दुरुस्ती झाली तिने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि त्या दिवशी कसत असलेले कूळ जमिनीचे मालक झाले असे मानले. ज्यांचे नाव गाव नमुन्यात कूळ म्हणून आधीच चढले होते त्यांना हा हक्क सिद्ध करणे सोपे गेले. कायदा येतो आहे ही कुणकुण लागताच ज्यांच्या मालकांनी नोंद होऊ दिली नाही, किंवा पीकपाहणीत स्वतःचेच नाव लावून घेतले, त्यांच्याकडे साक्षीदारांखेरीज काही उरले नाही, आणि साक्षीदारही त्याच मालकाच्या गावचे. पीकपाहणी तलाठ्याने गावाला आधी सूचना देऊन, शेतावर जाऊन, लोकांसमक्ष करावी असा नियम आहे. ती चावडीत बसून, किंवा मालकाच्या ओसरीवर बसून, उरकली गेली तिथे कुळांची जमीन गेली. नियम कागदावर पुरेसा उघडा होता, पाळला गेला असता तर.

माहिती अधिकाराची चळवळ या पार्श्वभूमीवर पाहिली तर तिचे बळ आणि मर्यादा दोन्ही नीट कळतात. वसाहतकालीन १९२३ चा शासकीय गुपिते कायदा कारभाराची सवयच गुप्ततेची ठेवून गेला होता. त्या सवयीला धक्का दिला तो मजुरांच्या हजेरीने: १९९४ मध्ये राजस्थानातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली, म्हणजे सरकारी कामाचे कागद गावासमोर वाचून दाखवले, आणि मस्टरवरची खोटी नावे तिथल्या तिथे उघडी पडली. गोव्याने १९९७ मध्ये माहितीचा कायदा केला. महाराष्ट्राचा २००० चा पहिला कायदा फारच दुबळा निघाला. त्याजागी २००२ चा आला आणि २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे यांचे आझाद मैदानावरील उपोषण चालू असताना त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर, या तरतुदीने सामान्य माणसाला कचेरीत ताठ मानेने उभे केले, यात शंका नाही. पण अर्ज करून मिळणारी माहिती ही बहुतांशी झालेल्या गोष्टीची असते. कार्यालयांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी असे सांगणारे कलम ४ या कायद्यात आहे आणि चावडीवरच्या नकलेशी नाते आहे ते त्याचे. सर्वांत कमी पाळले गेलेले कलमही तेच.

संगणक आल्यावर जुन्या दोन्ही रीती नव्या वेषात परतल्या. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना नावे, क्षेत्रे, बोजे यांत चुका राहिल्या, म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झाले: संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा, खातेदाराने आपल्या जुन्या उताऱ्याशी ताडायचा आणि चूक असेल तर तिथेच सांगायची. वाचता न येणाऱ्यालाही यात भाग घेता आला, म्हणून त्याची किंमत मोठी. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्याचे दिवस सरले. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर लागू लागल्या. मुंबईच्या गिरणीतल्या भावाला किंवा परगावी दिलेल्या बहिणीला जी सोय १९१३ मध्ये नव्हती ती आता आहे. फक्त रोज जाऊन आपल्या गावाचे पान उघडून पाहण्याची सवय कोणाला नाही, आणि पंधरा दिवस कधी संपले हे कळतही नाही.

२०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने याहून पुढचे पाऊल टाकले. तलाठ्याने भरायचा नमुना बारा आता खातेदार स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह भरतो आणि महसूल यंत्रणा त्यातील काही नोंदींची पडताळणी करते. पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या नोंदीवर चालत असल्याने ती वेळेत होणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. मात्र ही नोंद खातेदाराच्या नावाने होते. जो तोंडी कराराने, बटईने किंवा खंडाने शेत कसतो, त्याचे नाव लावू द्यायला मालक आजही कचरतो, कारण एकदा नाव चढले की कूळ लागेल ही १९५७ ची भीती अजून गेलेली नाही. आणि गारपीट झाली की भरपाई ज्याच्या नावावर पीक आहे त्याच्या खात्यात जमा होते.